कमरेखालची भूल

सौंसरच्या बस स्टँडपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर एक छोटा खाजगी दवाखाना आहे. तिथल्या ऑपरेशन थिएटरात मी सतरा वर्षांपासून सिस्टर आहे. मंगळवार आणि शुक्रवार हे आमचे ऑपरेशनचे वार, कारण त्या दोन दिवशी पांढुर्ण्याहून भुलीचे डॉक्टर येतात. त्यांना आम्ही सर म्हणतो. साठी उलटलेले, हळू बोलणारे, थिएटरात चप्पल जरी वाजली तरी मान वर करून पाहणारे. भुलीचं जे काही मला कळतं ते सगळं त्यांनी शिकवलेलं आहे.

लोकांना वाटतं भूल म्हणजे झोप. पेशंट टेबलावर झोपतानाच विचारतो, "बेहोश करून राहिले ना मले?" प्रत्येकाला बेहोश करत नाहीत. गळू फोडायचं, टाके घालायचे, तर लिग्नोकेनची सुई देऊन तेवढीच जागा सुन्न करतात. हाताचं हाड बसवायचं तर गळ्याच्या हाडावरून नसांच्या जुडग्यापाशी औषध सोडतात, हात ओंडक्यासारखा जड होतो. पोटाच्या खालच्या भागाचं, पायाचं काम असेल तर पाठीच्या मणक्यातून बुपिवाकेन देतात. दोन मिनिटांत पाय गरम वाटतात, मग आपले वाटेनासे होतात. पूर्ण भूल वेगळी. तिच्यात आधी दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल जातं, मग स्नायू ढिले करणारं औषध, घशात नळी, वरून गॅस. आणि एक केटामिन आहे. त्यात माणसाचे डोळे उघडे राहतात पण माणूस तिथे नसतो. जागा होताना कोणी रडतो, कोणाला भिंती हलताना दिसतात. म्हणून सर केटामिनच्या आधी मिडाझोलाम देतात. त्याने मन शांत होतं, स्वप्नं त्रास देत नाहीत.

हे सगळं मला पाठ होतं. म्हणूनच पुढचं सांगताना मान खाली जाते. न कळून माझ्या हातून काही झालं असं मला म्हणताच येत नाही.

दोनेक वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी आमच्याकडे गर्भपिशवी काढायला एक बाई आली. माझ्या माहेरच्या गावची. माझं माहेर बोरगावकडे, वडिलांची संत्र्याची बाग आहे. ही बाई आमच्या बागेत तोडणीला, निंदणाला यायची. मी शाळेत होते तेव्हापासून तिला पाहत आले. गावात त्यांची वस्ती विहाराकडच्या बाजूला, आमची घरं या बाजूला. नवरा लवकर वारला, एक मुलगी, ती नागपूरला नर्सिंग शिकत होती. दवाखान्यात मी सगळ्याच बायांना मावशी म्हणते, तसं तिलाही म्हटलं. गावात मात्र मी तिला कधी काहीच म्हटलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती.

टेबलावर बसवून मी तिची पाठ वाकवली, खांदे धरले. सरांनी मणक्यात सुई दिली. ती हललीसुद्धा नाही. आडवी केल्यावर सरांनी स्पिरिटचा बोळा आधी तिच्या दंडाला लावला, मग मांडीला. "थंड लागून राहिलं का, मावशी?" दंडाला लागत होतं, मांडीला नाही. मग एक मिलिग्रॅम मिडाझोलाम दिलं, म्हणजे तिची भीती कमी व्हावी. ऑपरेशन नीट झालं. मध्ये एकदा बीपी पडलं, सरांनी औषध देऊन उचललं, तेवढंच.

टाके झाले. सर्जन मॅडम नातेवाइकांशी बोलायला बाहेर गेल्या. सर दाराबाहेरच्या टेबलावर कागद लिहायला बसले. आत आम्ही दोघी सिस्टर उरलो. पोटावरचं, मांड्यांवरचं आयोडीन पुसायचं, कपडे बदलायचे, मग वॉर्डात न्यायचं. मावशी डोळे मिटून पडली होती. मी तिचा एक पाय उचलला. सुन्न पाय फार जड लागतो. टाचांना भेगा होत्या, त्यात बागेतली काळी माती बसलेली, धुऊनही न निघणारी.

दुसरी सिस्टर म्हणाली, "हिची पोरगी नागपूरले नर्सिंग करून राहिली म्हणे."

मी म्हणाले, "करन नाही तं काय. यांना सीट भेटतेच, डोकं असो का नसो. उद्या आपल्याच मानेवर येऊन बसतील." आणि तो पाय खाली ठेवता ठेवता म्हणाले, "पाय पाह्य हिचे. म्हैस बरी."

दुसरी हसली. मीही हसले. माझ्या स्वतःच्या मुलाचा त्या वर्षी नंबर लागला नव्हता, हे त्याच्या मागे होतं. पण ते कारण मी नंतर शोधलं. त्या वेळी मला कारण लागलं नव्हतं. तोंडातून सहज निघालं, घरात जसं निघतं तसं. मावशीच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून कानाकडे पाण्याची एक रेघ गेली होती. ती मी पाहिली आणि कापसाने पुसली. ऑपरेशननंतर पुष्कळ बायांच्या डोळ्यांतून पाणी येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढायला मी तिच्या खाटेपाशी गेले. मुलगी चहा आणायला गेली होती. काम झाल्यावर मावशी म्हणाली, "सिस्टरताई, एक इचारू का?"

"इचारा ना."

"मले सुन्न केलं ते कमरेखालीच ना?"

"हो."

"मंग कान तं सुन्न नसतील झाले."

मी पांघरूण नीट करत राहिले. ती हळूच म्हणाली, "तुम्ही माझ्या पोरीबद्दल जे बोलल्या ते मी आयकलं."

आवाज वाढवला नव्हता. भांडायला बसली नव्हती. उत्तर मागत होती, बस. त्या वेळी मी खाली बसून एक शब्द बोलले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. मी म्हणाले, "काय आयकलं, मावशी? असं कोणी काही बोललं नाही. तुम्हाले झोपेचं औषध देलं होतं. त्यानं भास होते कधी कधी. काही लोकांले आवाज येते, काहींले माणसं दिसते."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "भास?"

"हो. औषधाचा असर."

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. मी थांबले नाही. तिच्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या आईला भुलीच्या औषधानं भास झाले. पुढे कधी ऑपरेशन झालं तं डॉक्टरले आठवणीनं सांगजो." मुलीने मान डोलावली. शिकणारी मुलगी, सिस्टरने सांगितलेलं खरं मानणारी.

केटामिनने होणारे भास मी त्या दिवशी एका मिलिग्रॅम मिडाझोलामच्या नावावर खपवले. सरांनी शिकवलेल्या विद्येचा असाही उपयोग होतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मावशी पाच दिवसांनी घरी गेली. जाताना मला नमस्कार केला. मी माहेरी गेले तेव्हा ती बागेत कधी दिसली, कधी नाही. दिसली की मी आईशी बोलण्यात गुंतल्यासारखी करायची.

दीड वर्षाने, संत्र्याच्या आंब्या बहाराची तोडणी चालू असताना, ती शिडीवरून पडली. आमच्या बागेत नाही, शेजारच्या. डाव्या हाताची, मनगट आणि कोपर यांच्यामधली दोन्ही हाडं मोडली. प्लेट बसवावी लागणार होती. तिला आमच्याच दवाखान्यात आणलं. मुलगी आता पांढुर्ण्याच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली होती. सुट्टी काढून आली होती.

सर वॉर्डात तपासायला गेले तेव्हा मी फाइल धरून मागे उभी होते. मावशीच्या छातीत घरघर होती, जुना दमा. त्यामुळे घशात नळी घालून पूर्ण भूल द्यायची सरांची इच्छा नव्हती. हाताचा ब्लॉक देऊ, म्हणजे नसांपाशी औषध सोडून तेवढा हातच सुन्न करू, म्हणाले. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मागे भूल दिली तेव्हा काही त्रास?"

मुलगी म्हणाली, "हो सर. आईला भास झाले होते. आवाज ऐकू आले होते. सिस्टरनीच सांगितलं होतं, पुढच्या वेळी आठवणीनं सांगायचं म्हणून." आणि तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी विश्वासाने.

सरांनी जुना कागद काढला. "भास होतील असं मिडाझोलामशिवाय तर काही दिलेलं नाही. एक मिलिग्रॅम." ते माझ्याकडे वळले. "क्वचित कोणाला उलटा परिणाम होतो. पण तुम्ही मला बोलला नाहीत."

"राहून गेलं, सर," मी म्हणाले.

सरांनी त्याच कागदावर लाल पेनाने लिहिलं: मागे भास झाले, मिडाझोलाम नको, केटामिन नको.

त्या वेळीही वेळ होता. वॉर्डातून थिएटरात जाईपर्यंत पंचवीस पावलं असतील. मी सरांच्या मागे मागे गेले आणि ट्रे लावला.

ब्लॉक नीट बसला नाही. सरांची चूक नव्हती, हा ब्लॉक कधी कधी करंगळीच्या बाजूला कमी चढतो. अंगठा, मधली बोटं सुन्न होती. वीस मिनिटं थांबले, अर्धा तास थांबले. अंगठ्याकडचं हाड बसलं. दुसऱ्या बाजूला हाडांच्या सर्जनने चीर दिली आणि मावशीचं सगळं अंग ताठ झालं.

"दुखून राहिलं का?" सरांनी विचारलं.

"करा तुम्ही. होते सहन," ती म्हणाली.

सरांनी कोपरापाशी थोडं लिग्नोकेन दिलं. त्यापुढे देता येत नव्हतं; वजनाच्या हिशोबाने औषधाची हद्द आली होती. शिरेतून दुखण्याचं एक इंजेक्शन दिलं. त्याहून कडक असं फेंटानिल आमच्याकडे नसतं, त्याला वेगळा परवाना लागतो. सर्जनने पुन्हा हात लावला. मावशीने खालचा ओठ दातात धरला. ओरडली नाही. तिचा उजवा हात पट्ट्याने बांधलेला होता, त्याची बोटं चादर गोळा करत होती. मी तिच्या डोक्याशी उभी होते. कपाळावरचा घाम पुसणं हे माझं काम, ते मी करत होते.

सर म्हणाले, "थांबा." सर्जन थांबले. सर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "थोडं केटामिन दिलं असतं तर झालं असतं. दम्यालाही बरं. पण हिचे भास... नळी घालावी लागेल बहुतेक." त्यांनी घरघर ऐकायला तिच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला. बराच वेळ ठेवला.

मी म्हणाले, "सर, यांना भास झाले नव्हते."

सरांनी कानातून स्टेथोस्कोप काढला.

"मागच्या वेळी ऑपरेशन झाल्यावर मी बोलले होते. यांच्याबद्दल. वाईट बोलले होते. यांनी ते ऐकलं. मी भास म्हणून सांगितलं."

सर्जन हात वर धरून उभे होते. सरांनी विचारलं, "नक्की?"

"नक्की, सर."

"मिडाझोलाम एक भरा. मग केटामिन."

मी औषध भरलं. हात नेहमीसारखेच चालले. सवयीच्या हातांना लाज नसते. मावशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे ते खरंच होतं," ती म्हणाली. मला वाटलं होतं ती रागावेल. तिचा आवाज मात्र एखादी हरवलेली चीज घरातच सापडल्यासारखा होता. मग औषध चढलं. डोळे उघडेच होते, पण नजर छताकडे गेली. दुसरं हाड बसलं.

नंतर बेसिनपाशी सर हात धूत होते. मी बाजूला उभी राहिले. ते म्हणाले, "तुम्ही काय बोलला होता ते मी विचारत नाही. मला अंदाज आहे. पण पेशंटची हिस्ट्री खोटी निघाली तर माझ्या हातून माणूस जाऊ शकतो. आज तिला जे सोसावं लागलं ते मी दिलं, आणि का देतोय हेच मला माहीत नव्हतं." टॉवेलने हात पुसले आणि पुढच्या पेशंटची फाइल मागितली. पुढच्या मंगळवारी ते नेहमीसारखेच बोलले. ते मला जड गेलं. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना त्यांनी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मला कोणी काढलं नाही.

मावशी वॉर्डात तीन दिवस होती. त्या दिवसांत मी वॉर्डात गेले नाही. ड्रेसिंगला दुसऱ्या सिस्टरला पाठवलं.

टाके निघाल्यावर एका रविवारी मी गावी गेले. आईला सांगितलं, जरा जाऊन येते. कुठे, ते सांगितलं नाही. विहाराच्या बाजूला मी चाळीस वर्षांत कधी गेले नव्हते, रस्ता मात्र सरळ होता. घर दोन खोल्यांचं, निळ्या रंगाचं, दारात तुळतुळीत सारवलेलं. मावशी गळ्यात हात अडकवून खुर्चीवर बसली होती. मुलगी वाळलेले कपडे घड्या करत होती. मुलीने मला पाहिलं आणि पुन्हा घड्या करायला लागली.

"बसा," मावशी म्हणाली. मुलीने स्टूल सरकवलं. पाणी आणून दिलं. मी पाणी पिऊन पेला हातातच धरून ठेवला.

काय बोलायचं ते मी रस्ताभर ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "हात कसा आहे?"

"बोटं हलून राहिली." तिने हलवून दाखवली. मग ती आपणहून बोलायला लागली. "ताई, तुम्ही मले भास म्हणून सांगतलं ना, त्यानं काय झालं मालूम हाय का? मी कोणाचं बोलणं आयकलं का पोरीले इचारो, आता कोणी बोललं का? विहारात बाया हसल्या का मले वाटे, हे खरं हाय का माझ्या डोक्यातलं हाय? जाणंच सोडलं मी तिकडं." तिने गळ्यातला हात सावरला. "अन् दुसरं. मी म्हटलं, भास तं आपल्या मनातूनच येते. म्हणजे माझ्या लेकीले डोकं नाही, असं माझ्याच मनात असन. मीच मनात बोलली असन. मले लेकीकडे पाह्याची शरम वाटे."

मुलीचे हात थांबले होते. तिला हे माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

मावशी म्हणाली, "तुम्ही काय बोलल्या ते पोरीसमोर सांगा. मी सांगतलं तं तिले वाटन माय भरमात हाय. तुमच्या तोंडानं सांगा."

"मावशी, ते जाऊ द्या ना आता."

"सांगा."

मी सांगितलं. सीट भेटतेच, हे सांगितलं. डोकं असो का नसो, हे सांगितलं. मानेवर बसतील, हेही. ते शब्द थिएटरात किती हलके होते, आणि त्या खोलीत, त्या मुलीसमोर, प्रत्येक शब्द जिभेने उचलून बाहेर ठेवावा लागत होता. मी थांबले.

मावशी म्हणाली, "म्हैसही म्हटलं होतं."

"हो. पाय पाहून म्हटलं होतं. म्हैस बरी."

मावशीने मुलीकडे पाहिलं. "आयकलं?"

मुलगी म्हणाली, "आयकलं, आई." मग माझ्याकडे वळली. रडेल किंवा चिडेल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "मॅडम, माझ्या आईच्या जुन्या फाइलवर काही लिहिलं आहे का, भास झाले म्हणून?"

"लाल पेनानं लिहिलं होतं. सरांनी खोडून सही केली."

"त्याची कॉपी मिळेल का मला? पुढे कधी लागली तर."

"पाठवते," मी म्हणाले.

"पाठवू नका. मी येऊन घेईन." तिने घड्या केलेले कपडे उचलले आणि म्हणाली, "आईची गोळीची वेळ झाली आहे."

मी उठले. मावशीने बसूनच मान हलवली, कोणत्याही पाहुण्याला हलवतात तशी. दारात चपला घालताना मला बकल सापडत नव्हतं, कोणी मदतीला आलं नाही, आणि का यावं.

रस्त्यावर येऊन सौंसरच्या बसची वाट पाहत उभी राहिले. आईकडे परत गेले नाही. बस आली, खिडकीची जागा मिळाली, दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा मागे जाऊ लागल्या. अर्ध्या रस्त्यात माझ्या लक्षात आलं की जे बोलले होते ते सगळं मी तिथे पुन्हा बोलून आले होते, शब्दन् शब्द, आणि माफ करा एवढं म्हणायचं राहून गेलं होतं. कंडक्टर तिकीट विचारायला आला. बस थांबवावी, उतरावं, मागे जावं, असं मनात आलं. मी सौंसरचं तिकीट घेतलं.

मुलगी पुढच्या आठवड्यात येऊन कॉपी घेऊन गेली. मी त्या दिवशी ड्यूटीवर होते. काउंटरवरच्या बाईने दिली. मी थिएटराच्या दाराच्या काचेतून पाहत होते.